कारभारी कोणाचा?

पालघरचा हुतात्मा स्तंभ आपण सर्वांनी पाहिला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. आज आम्ही दुसऱ्या एका गोळीबाराची आणि एका देवस्थानाच्या कारभाऱ्याची हकीकत सांगणार आहोत.

अमृतसरचे सुवर्णमंदिर म्हणजे शिखांची पंढरीच. इंग्रज अमदानीत तिथला कारभारी सरकार नेमी. त्याला ‘सरबराह’ म्हणत. १९०७ साली सरदार अरूरसिंग सरबराह झाले. मान मोठा, पण जाब द्यायचा तो सरकारला, भाविकांना नाही.

१३ एप्रिल १९१९ रोजी मंदिराजवळच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसे मेली. पुढे अरूरसिंगांनी त्याच डायरला सरोपा, म्हणजे मानाचे वस्त्र दिले! खाल्ल्या मिठाला जागले म्हणावे, तर मीठ देवाच्या दारचे होते.

लोक खवळले. १९२० साली अरूरसिंगांना हात जोडून माफी मागावी लागली. पदही गेले. १९२५ साली कायदा झाला आणि पंजाबातली गुरुद्वारे लोकांनी निवडलेल्या समितीकडे आली.

मंडळी, आपल्या गावच्या देवळालाही पंच असतात, वर्गणी असते, वही असते. आम्ही मास्तर असूनही एकदा जत्रेच्या हिशेबावर न वाचता सही ठोकली. त्याची लाज अजून वाटते. विचारणारे कोणी नसले, की चांगला कारभारीही चुकतो. म्हणून वही मागा, वाचा, मगच सही करा.