वस्ती, गुन्हा आणि आपण

(धम्मवर्गात दिलेले व्याख्यान)



माझ्या वकिलीच्या काळात एक प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. संशयावरून पकडलेल्या मुलाला प्रथम विचारण्यात येते ते “तू काय केलेस?” असे नव्हे, “तू कोठे राहतोस?” असे विचारण्यात येते. काही वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलाला सायकलचोरीच्या संशयावरून चौकशीसाठी नेण्यात आले. चार दिवसांनी ती सायकल मालकाच्याच नातलगाकडे मिळाली. परंतु तोवर मुलाचे दोन पेपर बुडाले होते. त्याची आई मला म्हणाली, “वकीलसाहेब, आम्ही धम्म घेतला, घरातले देव काढले, मुलाला शाळेत घातले, पण ह्या वस्तीचे नाव कसे काढावे?”

त्या माउलीच्या उद्गारात दोन प्रश्न आहेत. वस्तीच्या परिस्थितीमुळे गुन्हे वाढतात काय? आणि वस्तीचे नाव हा कोणाविरुद्ध पुरावा होऊ शकतो काय? पहिल्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे ‘कदापि नाही’ असे आहे. ही दोन उत्तरे एकत्र कशी नांदतात, हेच आज मला सांगावयाचे आहे.

आपल्या देशात पहिल्या प्रश्नाचे एक अत्यंत खोटे उत्तर दीर्घकाळ प्रचलित होते. गुन्हा हा रक्तात असतो, बापाकडून मुलाकडे येतो, असे ते उत्तर. जातिव्यवस्थेने शिकविलेल्या ह्या कल्पनेला इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून राजमुद्रा दिली. मूल जन्मले की ते गुन्हेगार ठरे. हजेरी देणे आणि परवान्यावाचून गाव न सोडणे हे त्याच्या नशिबी येई. आपल्या सोलापुरात तर अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु कायदा गेला तरी वृत्ती जात नाही. तुरुंगात जातीवरून कामे वाटून देणारे नियम घटनाबाह्य ठरविण्यासाठी आणि तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निर्णय यावा लागला!

रक्ताचा हा सिद्धांत शास्त्राच्या कसोटीवर टिकतो काय? अमेरिकेतील शिकागो शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके ह्या दोन संशोधकांनी ही कसोटी लावून पाहिली. बालन्यायालयाच्या दप्तरातून त्यांनी हजारो मुलांचे पत्ते काढले आणि नकाशावर प्रत्येक मुलाच्या घराच्या जागी एकेक ठिपका मांडला. त्यांचा ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला. ठिपक्यांची गर्दी शहराच्या मध्यभागालगत आणि मोठ्या कारखान्यांशेजारी, पडक्या घरांच्या व दाटीच्या भागांत होती; बाहेर जावे तसतसे ठिपके विरळ होत गेले. परंतु खरे नवल पुढेच आहे. त्या भागांत प्रथम जर्मन व आयरिश कुटुंबे राहत. ती स्थिरस्थावर होऊन बाहेर पडली, तेव्हा पोलिश व इटालियन कुटुंबे आली. माणसे बदलली, भाषा बदलल्या, वंश बदलले. तरी त्या भागांतील बालगुन्ह्यांचे प्रमाण चढेच राहिले. आणि जे समाज चांगल्या भागांत जाऊन स्थिरावले, त्यांच्या मुलांतील गुन्ह्यांचे प्रमाण खाली आले. गुन्हा रक्तात असता, तर तो त्या कुटुंबांबरोबर गेला असता. तो मागेच राहिला. ह्याहून स्पष्ट पुरावा कोणत्या न्यायालयाला हवा?

मागे राहते ते काय? बेकारी, एका खोलीत आठ माणसे, आज आलेले व उद्या जाणारे शेजारी, शाळा सुटल्यावर मुलांना बसावयास जागा नाही, आणि कोपऱ्यावर त्यांना ‘काम’ शिकविणारे थोरले सोबती. शिकागोमध्येच पुढे ३४३ विभागांतील ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखती घेण्यात आल्या व त्यांचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. जेथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे आणि दुसऱ्याचे मूल वाट चुकत असेल तर मोठी माणसे मध्ये पडतात, तेथे हिंसाचार कमी आढळला; दारिद्र्याचा हिशेब वेगळा काढल्यानंतरही तो कमीच आढळला. मात्र हा विश्वास दारिद्र्याने आणि सततच्या स्थलांतराने पोखरला जातो, हेही त्याच अभ्यासात दिसून आले. म्हणून सरकारने आपले कर्तव्य शेजाऱ्यांवर ढकलू नये. फिलाडेल्फिया शहरात ५४१ ओसाड भूखंड निवडून त्यांपैकी काही चिठ्ठी टाकावी तसे वेचून स्वच्छ केले, तेथे हिरवळ व झाडे लावली. अत्यंत गरीब भागांत अशा भूखंडांभोवती बंदुकीचे गुन्हे सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. जेथे उकिरडा होता तेथे हिरवळ आली, एवढेच!

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात भगवान बुद्ध महाविजित राजाची कथा सांगतात. राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते. पुरोहिताने राजाला सांगितले की, वध, बंधन व दंड यांनी हा उपद्रव मुळातून नाहीसा होणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला अन्न व वेतन दे. राजाने तसे केले आणि लोक घराची दारे उघडी टाकून राहू लागले. दंडापेक्षा उपजीविका हा मोठा बंदोबस्त होय, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेविले आहे.

परंतु ह्याचा विपरीत अर्थ कोणी काढू नये. परिस्थिती हे कारण आहे. ती सबब नव्हे. एकाच चाळीतली शंभर मुले तीच उपासमार सोसतात आणि त्यांतील बहुसंख्य कोणाच्या काडीलाही हात लावीत नाहीत. शिवाय आपल्या वस्तीतला चोर कोणाला लुटतो? बहुधा शेजारच्या मोलकरणीचा पगार, हातगाडीवाल्याचा गल्ला. अदिन्नादानापासून विरत राहण्याचे शील आपण घेतले आहे, ते बंगल्यांच्या रक्षणासाठी नव्हे. ते आपल्याच शेजाऱ्यासाठी आहे.

तेव्हा करावयाचे काय? विहार हा केवळ पौर्णिमेचा नसावा. रोज संध्याकाळी तेथे दिवा, पुस्तके आणि लक्ष देणारे एक वडीलधारे माणूस असावे. नळ, दिवे, शाळा, मैदान ही भीक नव्हे, हक्क आहे. त्यासाठी नगरपालिकेकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

आणि मुलाला पकडून नेले तर घाबरू नका. अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला घेणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाणे, हे अधिकार संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने दिले आहेत. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. २०१५ चा बालन्याय कायदा तसे स्पष्ट सांगतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. धम्म स्वीकारल्याने हा हक्क जातो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा दर्जा कायम आहे.

त्या मुलाने पुढच्या वर्षी परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. त्याच्या आईच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज देतो. बाई, वस्तीचे नाव काढावयाचे नाही. वस्तीची दशा पालटावयाची आहे, आणि ती पालटेपर्यंत, “कोठे राहतोस?” ह्या प्रश्नाला आपल्या मुलाने मान खाली न घालता उत्तर द्यावयाचे आहे.

जय भीम!