सागरतळाचे साक्षीदार : खोल समुद्रातील मासे आणि त्यांचे परोपजीवी

(सागरकिनाऱ्यावरील तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



काही वर्षांपूर्वी एका मासळी बाजारात पाहिलेला प्रसंग मला आठवतो. एका गृहस्थांनी घेतलेला मासा कोळीणबाईंनी तेथेच साफ करून देण्यासाठी चिरला. त्याच्या आतड्याभोवती घड्याळाच्या कमानीप्रमाणे वेटोळे घालून बसलेले दोन-तीन पांढरे कृमी दिसले. "मासा नासका आहे," असे म्हणून गृहस्थ पैसे परत मागू लागले. "दादा, मासा सकाळचाच हाय, कल्ला लाल बघा," असे बाई परोपरीने सांगत होत्या. बोलता बोलता गर्दी जमली आणि त्या दिवशी त्यांच्या पाटीतील बरीचशी मासळी तशीच पडून राहिली.

मासा ताजा होता, हे बाईंचे म्हणणे खरे होते. कृमी पाहून सावध व्हावे, ही त्या गृहस्थांची भावनाही चुकीची नव्हती. चूक होती ती एवढीच, की कृमी म्हणजे कुजणे असा अर्थ लावला गेला. ते कृमी मासा मेल्यावर त्यात शिरले नव्हते. मासा जिवंत असताना, समुद्रात, अन्नाबरोबर ते त्याच्या पोटात गेले होते. ते कोठून आले याचा शोध घेऊ लागलो, तर आपण थेट खोल समुद्राच्या अंधारापर्यंत जाऊन पोहोचतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

अनेक यजमानांचा प्रवास

दुसऱ्या जीवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्याच अन्नावर जगणाऱ्या जीवाला आपण परोपजीवी म्हणतो, आणि ज्याच्याकडे तो राहतो त्याला यजमान. माशांच्या परोपजीवींत गोलकृमी, पट्टकृमी व पर्णकृमी हे प्रमुख होत. याशिवाय कातडीला, कल्ल्यांना, क्वचित डोळ्यांनाही चिकटून राहणारे कवचधारी वर्गातील लहान प्राणी असतात. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील ग्रीनलंड शार्क या माशाच्या डोळ्याला असाच एक प्राणी लोंबकळत असलेला पुष्कळदा आढळतो.

यांतील कित्येक परोपजीवींचे आयुष्य एकाच यजमानाकडे पुरे होत नाही. वर सांगितलेल्या पांढऱ्या कृमीच्या जातीचे उदाहरण घ्या. ॲनिसाकिस या नावाने ओळखले जाणारे हे गोलकृमी प्रौढावस्थेत देवमासा व डॉल्फिन यांच्या जठरात राहतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे पाण्यात पडतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या कोळंबीच्या कुळातील चिमुकले प्राणी गिळतात. त्या प्राण्यांना मासे व माकूळ खातात आणि अळ्या त्यांच्या शरीरात वेटोळे करून वाट पाहत राहतात. लहान माशाला मोठा मासा खातो, तेव्हा अळी मोठ्या माशात जाते. अखेर असा मासा देवमाशाच्या किंवा डॉल्फिनच्या पोटात गेला, म्हणजे हे चक्र पूर्ण होते. या साखळीतील एक दुवा जरी नाहीसा झाला, तरी त्या कृमीचा वंश पुढे चालू शकत नाही.

म्हणून ज्या माशात असा कृमी सापडतो, त्या माशाने काय खाल्ले, त्या पाण्यात आणखी कोण राहते आणि तेथील अन्नसाखळी कितपत शाबूत आहे, याची साक्ष तो कृमी देत असतो.

अंधाऱ्या थरातील जीवन

खोल समुद्राची परिस्थिती आपल्या कल्पनेपलीकडची आहे. दर 10 मीटर खोलीमागे पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे 1,000 मीटरवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे शंभरपट होतो. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. त्याहून खाली बहुतेक महासागरांत पाण्याचे तापमान 2 ते 4 अंश सेल्सियसच्या आसपास असते. वनस्पती उगवत नसल्याने वरून झिरपत येणाऱ्या मृत जीवांच्या कणांवरच तेथील बहुतेक प्राण्यांना गुजराण करावी लागते.

अशा ठिकाणी परोपजीवी फारसे नसतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रत्यक्ष पाहणीत निराळेच चित्र दिसले. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरोल्ड मँटर यांनी फ्लोरिडाजवळील टॉर्टुगास बेटांच्या परिसरातील खोल पाण्यातल्या माशांचे पर्णकृमी अभ्यासून 1934 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उष्ण कटिबंधाजवळच्या त्या समुद्रात, खोल पाण्यातील पर्णकृमींचे नाते वरच्या उबदार पाण्यातील कृमींपेक्षा उत्तरेकडील थंड समुद्रांतील कृमींशी अधिक जवळचे असल्याचे त्यांना दिसले. कृमींच्या वाटणीत नकाशावरील अंतराइतकाच पाण्याच्या गारव्याचाही वाटा असतो, हे त्यावरून ध्यानात आले.

1980 साली कॅम्पबेल, हेड्रिच व मन्रो या संशोधकांनी वायव्य अटलांटिकच्या तळाशी राहणाऱ्या माशांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. तळावर चरणाऱ्या माशांत परोपजीवींची विविधता बरीच असते, मधल्या पाण्यात तरंगत राहणाऱ्या माशांत ती त्या मानाने कमी असते, आणि हा फरक मुख्यतः आहाराशी निगडित असतो, असा या क्षेत्रातील अनुभव आहे. तळावर शिंपले, गोगलगाई, किडे व कवचधारी प्राणी यांची वस्ती असते. कृमींना लागणारे मधले यजमान तेथेच मिळतात. जेथे तळावरील जीवन समृद्ध, तेथे माशांतील परोपजीवींचीही विविधता अधिक, असा हा साधा हिशेब आहे.

कृमींनी सांगितलेला ठावठिकाणा

या ज्ञानाचा व्यवहारात काय उपयोग, असा प्रश्न पंचायत सदस्य विचारतील. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे मिळाले. तेथील खोल समुद्रात ऑरेंज रफी नावाचा तांबूस मासा राहतो. तो अतिशय सावकाश वाढतो आणि शंभर वर्षांहूनही अधिक जगू शकतो. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूझीलंडजवळ त्याची मोठ्या प्रमाणावर मासेमारी सुरू झाली. हे मासे एकमेकांत मिसळणारा एकच मोठा समूह आहेत की ठिकठिकाणचे समूह वेगळे आहेत, हे ठाऊक असणे अत्यंत महत्त्वाचे होते. एका जागचा साठा संपला, तर दुसरीकडून मासे येऊन ती जागा भरतील काय, हे त्यावरच अवलंबून होते.

इतक्या खोलवरच्या माशाला खूणचिठ्ठी लावून परत सोडणे जवळजवळ अशक्य असते, कारण वर आणताना तो वाचत नाही. तेव्हा संशोधकांनी कृमींचीच खूण मानली. माशाच्या शरीरातील अळ्या वर्षानुवर्षे टिकून राहतात, त्यामुळे त्याने आयुष्य कोठे घालविले हे त्या सांगू शकतात. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निरनिराळ्या भागांतील माशांत कृमींचे प्रमाण निरनिराळे आढळले. याचा अर्थ, हे मासे फारसे स्थलांतर करीत नाहीत. एका ठिकाणचा साठा उपसला, तर तो दुसरीकडून भरून येण्याची आशा थोडीच. तथापि, ज्ञान हाती येईपर्यंत जहाजे पुढे गेली होती. साठे झपाट्याने घटले आणि 2006 साली ऑस्ट्रेलियाला हा मासा संरक्षणाच्या यादीत घालावा लागला. आधी उपसा आणि मग अभ्यास, या क्रमाची किंमत किती मोठी असते, हे या उदाहरणावरून दिसते.

कोठे वाढ, कोठे घट

अलीकडील संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी जगभरातील जुन्या नोंदी एकत्र करून 2020 साली असे दाखवून दिले, की 1962 ते 2015 या काळात माशांतील ॲनिसाकिस कृमींचे प्रमाण 283 पटींनी वाढले. देवमाशांच्या व्यापारी शिकारीला बंदी घालण्याचा निर्णय 1982 साली झाला. त्यानंतर काही जातींची संख्या सावरू लागली. कृमींच्या वाढीचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. तसे असेल तर ही वाढ समुद्र बिघडल्याची नसून, काही अंशी तो सुधारत असल्याचीही खूण ठरेल.

याच्या उलट, त्याच विद्यापीठातील अभ्यासकांनी संग्रहालयांत जतन केलेले, 1880 ते 2019 या काळातील प्युजेट साउंड या आखातातील मासे तपासले. ज्या परोपजीवींना तीन किंवा अधिक यजमान लागतात, त्यांची संख्या पाण्याचे तापमान एक अंश वाढल्यास सुमारे 38 टक्क्यांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला. साखळी जितकी लांब, तितकी ती तुटण्याची भीती अधिक. एकाच वेळी एका कृमीची वाढ आणि अनेकांची घट, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. म्हणून "कृमी आहेत, म्हणजे पाणी घाण" किंवा "कृमी नाहीत, म्हणजे पाणी स्वच्छ", असा सरधोपट निर्णय कोणीही करू नये.

आपला अरबी समुद्र

अरबी समुद्रात साधारणपणे 200 ते 1,000 मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायू अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. जगातील अशा मोठ्या थरांपैकी तो एक आहे. तरीही अंगावर प्रकाशाचे ठिपके असणारे लहान दीपमासे दिवसा या थरात राहतात आणि रात्री चरण्यासाठी वर येतात. त्यांना खाणारे मोठे मासे त्यांच्यातील अळ्याही गिळतात. खोल समुद्र आणि आपल्या ताटातील मासळी यांच्यामधील हा रोजचा दळणवळणाचा मार्ग आहे.

1976 च्या कायद्याने भारताला किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतचे आर्थिक क्षेत्र लाभले, आणि 1984 पासून 'सागर संपदा' हे संशोधन जहाज खोल पाण्याच्या पाहणीसाठी उपलब्ध झाले. मराठवाड्यातील विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील शार्क व पाकट माशांतील पट्टकृमींच्या अनेक जातींचे वर्णन केले आहे. समुद्रापासून दूर असलेल्या विद्यापीठाने केलेले हे काम कौतुकास्पद आहे. आता जाळी अधिकाधिक खोल पाण्याकडे वळत असताना अशा नोंदींची गरज वाढली आहे. आज मासे कोणत्या कृमींसह येतात हे लिहून ठेवले, तरच वीस वर्षांनंतर काय बदलले ते सांगता येईल.

आपल्या हातातील कामे

पहिले काम आरोग्याचे. ॲनिसाकिसची जिवंत अळी कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशातून माणसाच्या पोटात गेल्यास तीव्र पोटदुखी होऊ शकते. नेदरलँड्समध्ये 1960 च्या सुमारास हा विकार ओळखला गेला. आपल्याकडील कालवण किंवा तळलेली तुकडी आतपर्यंत नीट शिजलेली असते, त्यामुळे अळी जिवंत राहत नाही. केवळ मीठ किंवा लिंबू लावून कच्चा मासा खाणे मात्र सुरक्षित नव्हे. ज्यांना मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते, त्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. शिजलेल्या अळीनेही काहींना असा त्रास होतो.

दुसरे काम धक्क्यावरचे. मासळी साफ केल्यावर निघालेली आतडी आपण सर्रास पाण्यात फेकतो. त्यांतील जिवंत अळ्या बंदरातील मासे गिळतात आणि साखळी पुन्हा सुरू होते. ग्रामपंचायतींनी धक्क्यावर झाकणाच्या टाक्या ठेवून हा कचरा खतासाठी वळवावा. मासा पकडल्यावर शक्य तितक्या लवकर त्याची आतडी काढावीत व तो बर्फात ठेवावा. मासा मेल्यावर आतड्यातील अळ्या मांसात शिरू शकतात.

तिसरे काम शाळेचे. जीवशास्त्राच्या तासाला बाजारातील एक मासा चिरून त्यातील कृमी मुलांना दाखवावेत आणि तारीख, मासा, ठिकाण व कृमींची संख्या एका वहीत लिहावी. यासाठी भिंग, चिमटा आणि हातमोजे पुरेसे आहेत. अशी वही दहा वर्षे चालली, तर तिचा उपयोग संशोधकांनाही होईल.

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी बाजारात कोणी एवढे सांगणारा असता, की "मासा ताजा आहे, आतडी काढून टाका, नीट शिजवा आणि खुशाल खा," तर त्या बाईंचा दिवस बुडाला नसता. सांगणारे आपणच व्हावयाचे आहे. खोल समुद्राचा अभ्यास मोठ्या जहाजांवरून होतो हे खरे, परंतु त्यातील ज्ञान गावच्या बाजारापर्यंत नेण्याचे काम शिक्षक आणि पंचायत यांचेच आहे.