उपसा थांबल्यावर विहीर काय सांगते

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात तेल नाही. इथे मुरूम आहे, काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आहे आणि त्यांच्यामध्ये पाणी धरणारा मांजऱ्या खडक आहे. तरीही तेलविहिरींच्या चाचणीचा विषय इथे अनाठायी नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात १९७४ साली सापडलेल्या बॉम्बे हायच्या चुनखडीतून तेल ज्या नियमाने सरकते, त्याच नियमाने तुमच्या विहिरीला पाझर लागतो. हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने तो १८५६ मध्ये मांडला. माझे म्हणणे एवढेच, की विहिरीची ताकद मोटार चालू असताना जेवढी कळते, त्याहून अधिक ती बंद केल्यावर कळते.

हिशेब करून पाहू. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर खोलीला सुमारे २८ हजार लिटर पाणी मावते. सेकंदाला पाच लिटर उपसणारा पंप ते दीड तासात ओढतो. म्हणजे मिरचीच्या सरीत पहिला दीड तास धो-धो पडणारे पाणी बहुतांशी साठ्याचे असते, झऱ्याचे नव्हे. तेलक्षेत्रातही सुरुवातीचा प्रवाह असाच नळीतल्या साठ्याचा मानतात आणि त्यावरून खडकाबद्दल निष्कर्ष काढत नाहीत. खडकाचा प्रवाह पुढे उघड होतो आणि त्याची चाल ओळखता येते. पाणी एकाच फटीतून येत असेल तर चौपट वेळात पातळीतली घट दुप्पट होते. चहूबाजूंनी येत असेल तर दहा ते शंभर मिनिटांत जेवढी घट, तेवढीच शंभर ते हजार मिनिटांत. ही चाल मध्येच दुपटीने वाढली, तर जवळ कुठेतरी पाणी अडवणारी भिंत आहे असे समजावे. आणि दर तासाला सारखीच घट होऊ लागली, तर सगळीकडून बंदिस्त साठा उपसला जात आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की आपली वीज आणि पंप दोन्ही बेभरवशाचे, मग उपसा स्थिर कसा राहणार? म्हणूनच मी भरणीवर, म्हणजे उपसा थांबल्यावर पातळी पुन्हा चढण्यावर, भर देतो. पंप बंद झाला की त्याचा चढउतार संपतो. त्याच विहिरीत तासाभरात पातळी वीस सेंटिमीटर चढली, तर आवक ताशी सुमारे साडेपाच हजार लिटर. त्यासाठी टेप आणि घड्याळ पुरते. चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये उष्णतेच्या वहनाचे गणित भूजलाला लावले आणि भरणीवरून खडक मोजण्याची वाट मोकळी केली. हॉर्नर यांची १९५१ ची तेलविहिरीची पद्धत त्याच गणिताची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे गणित एकसारख्या थराचे, आणि बेसाल्ट वावभर अंतरावर बदलतो. खरे आहे. म्हणून पौषातली आवक वैशाखात गृहीत धरू नये. वरचा मांजऱ्या थर कोरडा पडला की आवक हळूहळू कमी न होता एकदम कोसळू शकते. एका चाचणीने हे दिसणार नाही; दोन्ही ऋतूंत मोजले तर दिसेल. बोअर घेताना पहिल्या दिवशी किती इंची पाणी लागले यावर कर्ज काढणे मला फार धोक्याचे वाटते.

तेलक्षेत्रात एका विहिरीचा प्रवाह बदलून शेजारच्या विहिरीतला दाब पाहतात. त्याच धर्तीवर नवे बोअर चालू असताना बांधापलीकडच्या विहिरीची पातळी तासातासाला लिहून ठेवली, तर दोघांचे पाणी एकाच खडकातले आहे का, हे भांडण होण्याआधीच समजू शकते.