एलियाचा सवाल
बोदवडच्या शेजारी, कोथळीला मुक्ताईचं मंदिर आहे. चांगदेवांसारख्या योग्यालाही तिने सुनावलं, असं परंपरा सांगते. तसंच इसवी सनापूर्वी 9व्या शतकात एलिया संदेष्ट्याने इस्रायलच्या अख्ख्या प्रजेला सुनावलं. अहाब राजाच्या काळात लोक आपल्या ईश्वराला, यहोवालाही भजत आणि बआल या दुसऱ्या दैवतालाही. ईश्वराची आज्ञा ठाऊक होती, पण मन तिच्यावर ठरत नव्हतं. मोठा दुष्काळ पडला, तरी दोन्ही डगरींवर हात! कर्मेल डोंगरावर एलियाने थेट विचारलं, कुणाच्या मागे जाणार ते एकदाचं ठरवा. लोक गप्प राहिले. मला त्या कथेत ही गप्प गर्दीच सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू एलियाला फार मानतात. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याच्या नावाने ते गोड पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा करतात.