आधी ऐकून घेऊ या



कुकटपल्लीत इंटर आणि कोचिंगची मुलं गल्लोगल्ली आहेत. मार्क किती, हे त्यांना सगळे विचारतात; झोप लागते का, हे क्वचित कुणी.

पुण्याच्या मुक्तांगणात १९८६पासून व्यसनमुक्त झालेल्यांतूनच समुपदेशक घडले. बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. त्याच वाटेने गेलेल्याचं बोलणं पटतं.

आपणही मंडळातले चार तरुण, चार पालक निवडून तज्ज्ञांकडून तयार करू या. मध्ये न बोलता ऐकायचं, उपदेश टाळायचा, ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकली, तर मात्र गप्प राहायचं नाही. घरच्यांना, डॉक्टरांना लगेच कळवायचं. ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

वर्गणीबरोबर यंदा नावंही द्या. मोरया!