जीवशास्त्राला गणिताची सोबत
(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाची संहिता)



दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक संवाद ठरलेला असतो. 'गणित जमत नसेल, तर जीवशास्त्र घे,' असे वडीलधारे सांगतात, आणि मुलांना हायसे वाटते. एकेकाळी हा सल्ला फारसा चुकीचा नव्हता. सूक्ष्मदर्शक, परीक्षानळी, रेखीव आकृत्या आणि तल्लख स्मरणशक्ती यांच्या बळावर जीवशास्त्रज्ञ घडत असे. आज मात्र हाच सल्ला हुशार मुलांची वाट अडवू लागला आहे. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर या शाळेच्या वयाएवढाच काळ मागे जावे लागते.

साठ वर्षांपूर्वी, १९६५ साली, अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या विदुषींनी सहकाऱ्यांसह एक ग्रंथ सिद्ध केला. तोवर ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांच्या रचना त्यात एकत्र केल्या होत्या. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. त्या माळेतील प्रत्येक मण्याला डेहॉफ यांनी एकेक अक्षर दिले. संगणकाला थोडक्या जागेत पुष्कळ लिहिता यावे, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. त्या क्षणापासून जीवसृष्टी वाचता येण्याजोग्या मजकुराच्या रूपात मांडली जाऊ लागली. जगातील ज्ञात प्रथिने तेव्हा एका पुस्तकात मावत होती. १९९० मध्ये सुरू होऊन २००३ मध्ये पूर्ण झालेल्या मानवी जीनोम प्रकल्पाने सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर समोर ठेवला. आता असा मजकूर रोज निर्माण होतो आणि तो कोणत्याही एका माणसाच्या वाचनशक्तीपलीकडचा आहे. हा मजकूर संगणकाच्या साहाय्याने साठवणे, ताडून पाहणे आणि त्याचा अर्थ लावणे, हे जैवमाहितीशास्त्राचे काम. बायोइन्फर्मॅटिक्स हे त्याचे रूढ नाव.

या शास्त्राची मूळ युक्ती मराठी माणसाला परकी नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हस्तलिखितांच्या नकला होताना लेखनिकांच्या हातून चुका होतात, आणि एका प्रतीतली चूक तिच्यावरून केलेल्या प्रत्येक नकलेत उतरते. म्हणूनच समान चुका असलेल्या पोथ्या एका घराण्याच्या, असे जुन्या ग्रंथांचे अभ्यासक मानतात. विषाणूंचेही तसेच. करोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा. त्याची नक्कल होताना एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. असे पाठभेद ताडून पाहिले की कोणता प्रकार कोठून आला आणि कोणता वेगाने पसरतो आहे, याचा माग लागतो. याच कामासाठी डिसेंबर २०२० मध्ये भारतात दहा प्रयोगशाळांचा 'इन्साकॉग' हा संघ उभा राहिला. पुण्यातील प्रयोगशाळांचाही त्यात सहभाग होता. डेल्टा आणि ओमिक्रॉन ही नावे घरोघरी पोहोचली, त्यांच्यामागे अशा वाचनाचे परिश्रम होते.

परंतु वाचनाची साधने हाती आली म्हणजे वाचन आले असे होत नाही. याचे एक बोलके उदाहरण आहे. 'सेप्ट २' आणि 'मार्च १' अशा नावांची मानवी जनुके होती. संशोधक आपल्या जनुकांच्या याद्या एक्सेलच्या तक्त्यात भरत. ते नाव तारखेसारखे दिसले की एक्सेल मुकाट्याने त्याची तारीख करून टाकी. जनुकाच्या जागी '२ सप्टेंबर' येई आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. २००४ मध्येच याबाबत इशारा देण्यात आला होता. तरीही २०१६ मध्ये झालेल्या तपासणीत, एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नामकरणाचे काम पाहणाऱ्या समितीने या जनुकांचीच नावे बदलून टाकली. विद्वानांच्या सवयी बदलण्यापेक्षा जनुकांची नावे बदलणे सोपे ठरले.

हे उदाहरण हसून सोडून देता येईल. दुसरे तसे नाही. अमेरिकेतील एका विद्यापीठातील संशोधकांनी असा दावा केला की, कर्करोगाच्या गाठीतील जनुकांची सक्रियता मोजून कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे आधी सांगता येते. त्या दाव्याच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टन येथील कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली, तेव्हा जनुकांच्या यादीतील नावे एका ओळीने सरकलेली आढळली. एका जनुकाचा आकडा शेजारच्या जनुकाच्या नावावर लागला होता. काही ठिकाणी तर औषध लागू पडणारे आणि न पडणारे हे गटच उलटे झाले होते. पुढे त्या प्रकरणात याहून गंभीर दोष उघड झाले, शोधनिबंध मागे घेण्यात आले आणि चाचण्या बंद झाल्या. पण मधल्या काळात खरे रुग्ण त्या आकड्यांवर विश्वासून उपचारांना सामोरे गेले होते. ताळा करून पाहण्याची सवय प्राथमिक शाळेत लावली जाते. तिचे मोल किती असू शकते, हे या घटनेत दिसते.

मग ही विद्या शिकवावी कशी? भारताने या प्रश्नाकडे बरेच लवकर लक्ष दिले. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ च्या सुमारास देशभर माहितीकेंद्रांचे जाळे विणण्यास आरंभ केला. त्याअंतर्गत १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात केंद्र सुरू झाले. डॉ. अशोक कोळस्कर यांच्या नेतृत्वाखाली ते नावारूपाला आले. कोळस्कर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये, प्रथिनाच्या कोणत्या भागाला शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल याचा अंदाज बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. लसींवर काम करणारे संशोधक ती आजही वापरतात. या केंद्राने आधी पदविका आणि पुढे एम.एस्सी.चा अभ्यासक्रम चालवला. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला संगणकाची आणि गणिताच्या विद्यार्थ्याला पेशीची ओळख तेथे करून दिली जाऊ लागली.

तथापि विद्यापीठातून एकदा बाहेर पडलेल्या, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संशोधकाचे काय? त्याच्यासाठी जगभर दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा भरतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' या उपक्रमाची पद्धत पाहण्याजोगी आहे. शिक्षक तयार चित्रफिती दाखवत नाही. तो सर्वांसमोर एकेक आज्ञा टंकित करतो, चुकतो आणि चूक दुरुस्तही करून दाखवतो. प्रत्येकाजवळ दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात. काम झाले की एक रंग संगणकावर लावायचा, अडले की दुसरा. भर वर्गात हात वर करून 'मला समजले नाही' म्हणायला प्रौढ माणूस कचरतो. ती अडचण एका चिठ्ठीने दूर होते.

पण अशा अल्पकालीन प्रयत्नांची मर्यादाही ओळखली पाहिजे. अमेरिकेतील ५३ संस्थांमधील जीवविज्ञानाच्या २९४ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या अल्पमुदतीच्या शिबिरांना गेलेले आणि न गेलेले विद्यार्थी त्यात ताडून पाहिले होते. संशोधनकौशल्याच्या वाढीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. शिबिराने उत्साह येतो आणि वाट दिसते. पण हात बसतो तो रोजच्या सरावाने. दोन दिवसांत पोहण्याची पुस्तकी माहिती मिळेल, विहिरीत मात्र रोज उतरावे लागते.

या अडचणीवर एक सुज्ञ उत्तर आफ्रिका खंडाने शोधले. तेथे तज्ज्ञ थोडे, अंतरे प्रचंड आणि इंटरनेट बेभरवशाचे. केपटाऊन विद्यापीठातून चालणाऱ्या 'एचथ्रीएबायोनेट' या जाळ्याने २०१६ मध्ये तीन महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम आखला. विद्यार्थ्यांना राजधानीत बोलावण्याऐवजी वर्गच त्यांच्या गावी नेले. १० देशांतील २० संस्थांमध्ये ३६४ जण एकाच वेळी शिकू लागले. व्याख्याने आधीच ध्वनिचित्रमुद्रित करून प्रत्येक केंद्रावर उतरवून ठेवलेली असत, त्यामुळे इंटरनेट तुटले तरी पाठ तुटत नसे. वर्गात शेजारी बसलेले सहाध्यायी असत, अडचण सोडवणारे स्थानिक साहाय्यक असत, आणि उरलेल्या शंका दूरवरच्या तज्ज्ञाला विचारता येत. शेजारचा सोबती, जवळचा शिक्षक आणि आठवड्यामागून आठवडे चालणारा सराव यांवर हा सारा डोलारा उभा राहिला. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर, त्यांनी शाळाच भरवली.

येथे हा विषय या वास्तूच्या दारात येऊन पोहोचतो. जैवमाहितीशास्त्राचे पहिले धडे संगणकाच्या खोलीत मिळतातच असे नाही. वहीत तारीख घालून प्रयोगाची नोंद ठेवणे, उत्तराचा ताळा घेणे, सरासरी काढल्यावर 'हा आकडा पटण्याजोगा आहे का?' असे स्वतःला विचारणे, हे ते धडे. आणि ते ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेत मिळाले तर खोल रुजतात. 'का?' हा प्रश्न मराठीत विचारायला शिकलेले मूल पुढे पायथॉन किंवा आर यांसारख्या संगणकीय भाषा शिकताना अडखळले, तर ते आज्ञेच्या व्याकरणापाशी अडखळेल; तर्कापाशी अडखळणार नाही.

पालकांसाठी यातून निघणारे सार साधे आहे. जीवशास्त्राची ओढ असलेल्या मुलाने अकरावीत शक्य असेल तर गणितही ठेवावे. ते सुटलेच, तर संख्याशास्त्राचा धागा तरी सुटू देऊ नये. गणितात रमणाऱ्या मुलीलाही 'बेडूक आणि पाने तुझ्यासाठी नाहीत' असे कोणी सांगू नये. उद्याच्या रोगांचा माग कदाचित तीच काढील. जे माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात किंवा प्रयोगशाळांत आहेत, त्यांनी देणगीच्या धनादेशाबरोबर वर्षातले काही शनिवारही शाळेला द्यावेत. एका दिवसाच्या भव्य शिबिरापेक्षा दर पंधरवड्याला येणारा एक ताई वा दादा मुलांना अधिक देऊन जाईल.

साठ वर्षांपूर्वी जगातील ज्ञात प्रथिने एका ग्रंथात मावत होती आणि ही शाळाही थोडक्या खोल्यांत मावत होती. दोन्हींचा विस्तार आता मोठा झाला आहे. पुढच्या महोत्सवात या व्यासपीठावरून बोलण्यासाठी एखादी जीवशास्त्रज्ञ उभी राहावी, आणि गणिताची गोडी आपल्याला याच शाळेत लागली असे तिने अभिमानाने सांगावे, ही शुभेच्छा.