सलाइनचं चाक आणि शहाणा पंप

शहाद्याच्या एखाद्या दवाखान्यात पेशंटच्या उशाशी रात्र काढली असेल, तर सलाइनच्या नळीवरचं ते छोटं चाक तुमच्या ओळखीचं असेल. थेंब हळू पडतायत म्हणून ते गुपचूप फिरवणारेही आपल्यात कमी नाहीत. साध्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तासाला १०० मिलिलिटर द्यायचं, तर मिनिटाला ३३ थेंब. सिस्टर घड्याळ बघत ते मोजतात.

पण इन्सुलिन, पोटॅशियम, घसरलेला रक्तदाब सावरणारी औषधं अशी अंदाजावर सोडता येत नाहीत. तिथं सिरिंजमधलं औषध ठरावीक वेगानं ढकलणारा पंप लागतो. स्मार्ट पंपाच्या पोटात औषधांची यादी असते आणि प्रत्येक औषधाची कमाल-किमान मर्यादाही. ५ ऐवजी ५० टाकलं, की तो अडतो. काही मर्यादांवर नुसतं ‘खरंच एवढं द्यायचं?’ विचारतो, काहींवर पुढे जाऊच देत नाही.

मात्र घाईत यादी न उघडता नुसता तासाचा वेग टाकला, तर त्याचं शहाणपण संपलं. मग ५० हा त्याच्यासाठी फक्त आकडा. सिरिंजमध्ये काय भरलंय, हे त्याला कुठून कळणार? ती यादीही रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नि सिस्टरांनी एकत्र बसून भरावी लागते. पंप विकत घेण्यापेक्षा हे काम जास्त वेळखाऊ, म्हणूनच बहुधा ते मागे पडतं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या काळात पंपांशी संबंधित दुर्घटनांचे सुमारे ५६,००० अहवाल आले. एकदा दाबलेलं बटण दोनदा नोंदलं जाणं, असे दोषही त्यात होते. आपल्याकडे अशा उपकरणांच्या तक्रारी नोंदवण्याची व्यवस्था २०१५ पासून आहे.

नातेवाइकांसाठी एक गोष्ट. नळी मुडपली आणि वेग कमी असला, तर पंप लगेच ओरडत नाही. आत दाब साठत जातो. मग कुणीतरी नळी सरळ करतं आणि साठलेलं औषध एकदम शिरेत जातं. तेव्हा नळीला हात न लावता सिस्टरला हाक मारा.

शहाद्याहून पेशंट पुढे धुळ्याला किंवा सुरतेला हलवतात, तेव्हा पंप बॅटरीवर चालतो. एरवी चार्जिंगला न लावलेली जुनी बॅटरी धुळ्याच्या वाटेवरचा सारंगखेड्याचा पूल ओलांडायच्या आत मान टाकू शकते. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. इथं ५० मिलिलिटरमध्ये औषधाची एक कुपी घातलेली असते, तिकडे दोन घालायची पद्धत. तिथं नवी सिरिंज लावताना वेग तोच ठेवला, तर डोस दुप्पट. म्हणून सिरिंजवर चिठ्ठी हवी: औषध कोणतं, किती मिलिग्रॅम, किती मिलिलिटरमध्ये, कधी भरलं. ‘पंप ५ वर चालू आहे’ एवढ्या निरोपावर पुढच्या डॉक्टरांना डोस कळत नाही.